भाडं आणि प्रवास एकाच खात्यात मांडा: मुंबईत एकट्यानं बिऱ्हाड थाटण्याचा हिशेब

मुंबईत वेगळं राहायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, 'भाडं किती?' आणि हिशेब तिथेच चुकायला लागतो. या शहरात भाडं कधी एकटं येत नाही. सोबत डिपॉझिट येतं, दलाली येते, स्टेशनपासूनची रिक्षा येते आणि रोजचे दोन-तीन तास जातात ते वेगळेच. विरारला स्वस्तात वन आरके (एक खोली आणि स्वयंपाकघर) मिळाली म्हणून खूश झालेला माणूस वर्ष संपायच्या आत अंधेरीला तिघांत राहायला का येतो, हे त्याच्या भाडेपावतीत दिसत नाही. ते त्याच्या पासात आणि रात्री साडेनऊला मागवलेल्या जेवणात दिसतं.

हे सगळं पहिल्यांदाच घराबाहेर पडणाऱ्यांसाठी लिहिते आहे. बदलापूरहून रोज अंधेरी गाठून पिट्टा पडलेले, लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत भावाचं लग्न ठरल्यावर जागाच न उरलेले, किंवा तसं काहीच कारण नसताना आपलं दार आपल्या किल्लीनं उघडावंसं वाटणारे. उदाहरणाला एकच माणूस धरू: आईवडील बदलापूरला, ऑफिस अंधेरी पूर्वेला चकाल्याजवळ, महिन्याला हातात ४०,००० रुपये. पुढे येणारी भाडी आणि घरखर्चाचे आकडे या उदाहरणापुरते आहेत. तुमच्या भागातले आकडे तुम्ही घाला, मांडणी तीच ठेवा.

आधी हातात काय येतं ते बघा

सीटीसी, म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करते तो एकूण खर्च, विसरा. बँकेत जमा होणारा आकडा घ्या, आणि तोही पगाराच्या स्लिपशी ताडून. पीएफ मूळ पगाराच्या १२ टक्के जातो. महाराष्ट्रात व्यवसाय कर महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाला २,५०० कापला जातो. महिलांना २५,००० पर्यंतच्या मासिक पगारावर तो माफ आहे. इन्सेन्टिव्ह, ओव्हरटाइम, दिवाळीचा बोनस हे महिन्याच्या बजेटात धरायचं नाही. आले तर आले. ज्यांचं उत्पन्न कामागणिक बदलतं त्यांनी गेल्या बारा महिन्यांतले सगळ्यात वाईट तीन महिने काढून त्यांची सरासरी घ्यावी. वाचताना पोटात गोळा येतो, पण भाडं त्याच महिन्यांतही भरायचं असतं.

प्राप्तिकराचं एका वाक्यात: आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत पगारदाराला वर्षाला १२.७५ लाखांपर्यंत कर लागत नाही, आणि घरभाडे भत्त्याची सूट फक्त जुन्या प्रणालीत मिळते. त्यामुळे ४० हजारांच्या पगाराला भाडेपावत्यांसाठी मालकाच्या मागे लागण्यात फारसा अर्थ नाही.

घर न सांगता काय काय देतं

घरात राहून 'माझा खर्च पंधरा हजार' म्हणणाऱ्याचा खर्च पंधरा हजार नसतो. मीठ, हिंग, काडेपेटी, फिनाईल, झाडू, डासांची कॉइल, टॉयलेट क्लीनर, शिवणाचा दोरा, तापाची गोळी, पाहुणा आला तर चहासोबतची बिस्किटं, हे सगळं त्याच्या आयुष्यात आपोआप उगवत असतं. एक महिना घरातल्या वाणसामानाची यादी आईकडून मागून घ्या आणि वीज, गॅस, केबल, सोसायटीचं बिल यांचे फोटो काढा. तो कागद वाचताना दोन गोष्टी होतात. अंदाज खऱ्याच्या जवळ येतात, आणि आईशी बोलताना आवाज जरा खाली येतो.

दुसऱ्या बाजूला स्वतःच्या यूपीआयचा एका आठवड्याचा इतिहास उघडा. साधारण असा दिसेल: चहा १५, वडापाव २०, रिक्षा २६, रिक्षा ४१, मैत्रिणीच्या वाढदिवसाची वर्गणी ३००, चहा-खारी ३५, रात्री उशीर झाला म्हणून कॅब २८०, ओटीटी १४९, रविवारी मॉल १,१५०. यातलं कुठलंच उधळपट्टी म्हणावं असं नाही. तरी हे २,०१६ रुपये आहेत, म्हणजे महिन्याला आठ हजारांच्या वर. वेगळं राहायला गेल्यावर हा आकडा आपणहून कमी होत नाही. घरी कोणी वाट बघत नसतं, त्यामुळे तो वाढतोच.

सहा महिने घरातच भाडं भरा

माझ्या मते सगळ्या खटाटोपातली ही सर्वांत कामाची पायरी आहे, आणि बहुतेक लोक नेमकी हीच गाळतात. वेगळं बचत खातं उघडा. त्याचं एटीएम कार्ड कपाटात ठेवा आणि ते खातं यूपीआयला जोडू नका. पगार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यात आपल्या होऊ घातलेल्या घराचं भाडं टाका, वर वीज, गॅस, इंटरनेट, धुणी-भांडी यांचे पैसेही. आपल्या उदाहरणात १४,००० भाडं आणि बाकीचे २,०००, असे १६,०००. उरलेल्यात महिना काढायचा आणि घरी जे देत असाल ते देणं सुरूच ठेवायचं.

तिसऱ्या महिन्यात त्या खात्याला हात लागला, तर उत्तर मिळालं: अजून वेळ आहे, किंवा भाडं कमी हवं, किंवा कोणाबरोबर तरी राहायला हवं. हे उत्तर घरात बसून फुकट मिळतं. तेच भाड्याच्या घरात मिळालं तर वर दलालीही गेलेली असते. आणि सहा महिने नीट निघाले तर खात्यात ९६,००० जमलेले असतात. हा आकडा पुढे लागणार आहे.

जागा: भाडं अधिक प्रवास अधिक तास

आता वहीत तीन रकाने आखा. पहिल्यात भाडं, दुसऱ्यात दारापासून दारापर्यंतचा प्रवासखर्च, तिसऱ्यात रोजचे तास. कुठलीही जागा बघितली की हे तिन्ही रकाने भरल्याशिवाय तिच्याबद्दल मत बनवायचं नाही.

लोकलचा सेकंड क्लासचा पास हा मुंबईतला सर्वांत स्वस्त व्यवहार आहे. तिमाही पास घेतला तर तीन सुट्या पासांपेक्षा आणखी कमी पडतो. खिसा हलका होतो तो स्टेशनच्या दोन्ही टोकांना. १ फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचं पहिल्या दीड किलोमीटरचं भाडं २६ रुपये आहे. स्टेशनपासून दीड किलोमीटरवर घर आणि जाता-येता स्वतंत्र रिक्षा, असे चोवीस दिवस धरले तर १,२४८ रुपये झाले, आणि हे एकाच टोकाचे. बेस्टचं किमान तिकीट ९ मे २०२५ पासून १० रुपये, वातानुकूलित बसचं १२. म्हणून जागा बघायला जाताना दलालाच्या बाइकवर बसू नका. स्टेशनवरून चालत जा, आणि ऑफिसला जायच्या वेळेलाच जा. 'स्टेशनपासून पाच मिनिटं' हे दलालाच्या घड्याळात असतं.

आपल्या माणसासमोर तीन पर्याय आहेत. पहिला, नालासोपारा किंवा विरारला एकट्याची वन आरके, भाडं ९,०००. घराकडची शेअर रिक्षा २०, अंधेरीहून पुढे २०, म्हणजे रोजचे ८० आणि महिन्याचे १,९२०, वर पास. एकूण अकरा हजारांच्या पुढे, आणि रोजचे तीन तास. सकाळी विरार लोकलमध्ये जागा धरायला आधीच्या स्टेशनवरून उलट्या दिशेनं बसून येणाऱ्यांशी भांडण करायची तयारी असेल तर त्याचा हिशेब वेगळा. दुसरा, अंधेरी पूर्वेलाच तिघांत वन बीएचके, वाट्याला १३,०००, ऑफिस चालत. म्हणजे पहिल्यापेक्षा दीड-दोन हजारच जास्त, पण महिन्याचे साठ-सत्तर तास मोकळे. तिसरा, भांडुपला वन आरके, १४,०००. भांडुप ते घाटकोपर लोकल, पुढे मेट्रो. मेट्रोचे जाऊन-येऊन ६० धरले तर पास मिळून महिन्याला १,६०० च्या आसपास. एकूण पंधरा हजार सहाशे, रोजचा दीड-पावणेदोन तास.

एकटंच राहायचं असेल तर मी तिसरा निवडेन, पैसे साठवणं हेच ध्येय असेल तर दुसरा. पहिला कागदावर सर्वांत स्वस्त आहे, पण एकट्या माणसाला तो फार क्वचित पेलतो. कारण साडेनऊला घरी पोचून कणीक मळणारे लोक थोडे असतात. पास आणि रिक्षात न मोजलेले पैसे मग बाहेरच्या जेवणात जातात.

चाळीतली खोली घेत असाल तर संडास सामायिक आहे का, पाणी किती वाजता येतं आणि किती वेळ, हे भाड्याच्या आधी विचारा. मुंबईत पालिकेचं पाणी ठरलेल्या वेळीच येतं. इमारतीला टाकी नसेल आणि तुमच्या ऑफिसच्या वेळेतच पाणी येत असेल तर शेजारणीशी मैत्री हा बजेटचा भाग समजा.

उंबरठ्याचा खर्च

भांडुपच्या त्या खोलीत पाय ठेवायला किती लागतात ते मांडू. डिपॉझिट ५०,०००, दलाली एक महिन्याचं भाडं म्हणजे १४,०००, पहिल्या महिन्याचं भाडं १४,०००, करार २,०००, टेम्पो २,५००, घर उभं करायचं सामान १५,०००. बेरीज ९७,५००. सहा महिन्यांच्या तालमीत जमलेले ९६,००० आठवतात ना? हे पैसे दोस्ताकडून किंवा क्रेडिट कार्डावर उचलून आत शिरणारा माणूस पहिल्या दिवसापासून दोन भाडी भरत असतो.

डिपॉझिट आणि दलाली दोन्ही घासाघीस करायच्या गोष्टी आहेत. डिपॉझिट वाढवून भाडं कमी करायची तयारी काही मालक दाखवतात. तुमच्याकडे पैसे नुसते पडून असतील आणि मालक खात्रीचा असेल तरच ते ऐका. दलालीबद्दल आधीच स्पष्ट विचारा की अकरा महिन्यांनी त्याच घराचा करार पुन्हा केला तर पुन्हा दलाली मागणार का. काही मागतात. नुसतं कागद बदलायचे अर्धा महिना भाडं देण्याचं कारण मला आजवर कोणी पटवून दिलेलं नाही.

कराराचं जरा सविस्तर, कारण इथे अडाणीपणा महाग पडतो. आपण करतो तो 'लीव्ह अँड लायसन्स' करार, बहुतेकदा अकरा महिन्यांचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार तो लेखी आणि नोंदणीकृत असायला हवा, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल आणि पुढे वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत. 'नोंदणीची काय गरज, आपण घरचेच' म्हणणाऱ्या मालकाला हे गोड शब्दांत सांगता येतं.

खर्च किती? मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर ०.२५ टक्के, आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून ते त्यात मिळवायचं. १४,००० गुणिले ११ म्हणजे १,५४,०००. ५०,००० चं अकरा महिन्यांचं व्याज ४,५८३. दोन्ही मिळून १,५८,५८३ आणि त्यावर शुल्क साधारण ४००. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. बाकीचे पैसे ऑनलाइन नोंदणी करून देणाऱ्या एजंटच्या सेवेचे. त्यानं चार-पाच हजार सांगितले तर हा हिशेब त्याच्यासमोर तोंडपाठ म्हणून दाखवा, आकडा खाली येतो. शुल्क कोण भरणार, अर्धं-अर्धं की कसं, हे टोकन, म्हणजे जागा धरून ठेवायची आगाऊ रक्कम, द्यायच्या आधी ठरवा.

करारात ही वाक्यं स्वतः शोधून वाचा: डिपॉझिट किती दिवसांत परत, सूचना एक महिन्याची की दोन, लॉक-इन (ज्या मुदतीत घर सोडता येत नाही) किती, वर्षानं भाडं किती टक्के वाढणार, सोसायटीचं मेंटेनन्स कोणाकडे. भाडेकरू ठेवला म्हणून सोसायटी जे बिनभोगवटा शुल्क लावते ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि ते मालकाच्या बिलात येतं. ते परस्पर तुमच्यावर ढकललेलं नाही ना ते बघा. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवणंही मालकाचं काम आहे, पण त्याची पोच तुमच्याकडे असलेली बरी. सगळे पैसे बँकेतूनच द्या, टोकनसुद्धा.

सामान: आधी माळा, मग बाजार

मराठी घराच्या माळ्यावर निम्मा संसार तयार असतो. कोणाच्या तरी मुंजीत, लग्नात, बारशात आलेली स्टीलची भांडी, त्यावर टोचून घातलेली नावं आणि तारखा. आजीच्या नावाचं पातेलं, 'चि. सौ. कां.' पासून सुरू होणारा डबा, एकावर एक बसणाऱ्या सहा वाट्या. लाजू नका, सगळं उतरवा. दोन जाड बुडाची पातेली, एक कढई, तवा, पोळपाट-लाटणं, दोन ताटं, चार डबे एवढं घरातूनच निघालं तर तीन-चार हजार वाचले.

विकत घ्यायचं ते पहिल्या महिन्यात अगदी मोजकं: गादी, दोन-तीन लिटरचा कुकर, शेगडी, बादली-मग, पंखा नसेल तर पंखा, एक्स्टेन्शन बोर्ड, चांगलं कुलूप. पलंग, फ्रिज, वॉशिंग मशीन यांचा विचार दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात. आधी त्या खोलीत राहून बघा, उजेड कुठून येतो, पाऊस कुठल्या खिडकीतून आत येतो, प्लग कुठे आहेत. लाकडी सामानासाठी जोगेश्वरी-ओशिवऱ्याचा फर्निचर बाजार फिरण्यासारखा आहे. पण घर बदलताना पलंग टेम्पोत चढवायची मजुरीही मनात धरा. ईएमआय 'बिनव्याजी' असला तरी तो महिन्याच्या बजेटातलं एक भाडंच असतं. एका वेळी एकाहून जास्त नको.

महिन्याचा कागद

४०,००० असे वाटता येतील: भाडं १४,०००, प्रवास १,७००, वीज ९००, गॅस ३००, खाणंपिणं ८,५००, फोन आणि इंटरनेट ९००, साबण-पावडर, कचरा, धुणी-भांडी १,०००, घरी ४,०००, वर्षाच्या खर्चांसाठी २,५००, बचत ४,०००. उरले २,२००. त्यात सिनेमा, कपडे, मित्र, सगळं. भाडं ३५ टक्के झालं. पुस्तकी सल्ला ३० टक्क्यांच्या आत ठेवायचा असतो, पण मुंबईत एकट्यानं राहणाऱ्याला तो आकडा सहसा जमत नाही. माझी मर्यादा वेगळी आहे: भाडं आणि प्रवास मिळून हातात येणाऱ्याच्या ४० टक्क्यांच्या वर जाता कामा नये. इथे १५,७०० आहेत, म्हणजे ३९ टक्के. काठावर, पण आत.

अंमल असा: पगाराच्या दिवशीच भाडं, घरचे पैसे, बचत आणि वर्षाचा डबा आपोआप निघून जातील अशी सूचना बँकेत लावून ठेवा. यूपीआयला फक्त खर्चाचं खातं जोडा आणि त्यात दर सोमवारी ठरलेली रक्कम टाका. गुरुवारी ते रिकामं झालं तर शुक्रवार-शनिवार घरची खिचडी. ॲपमध्ये रंगीत वर्तुळं बघत बसण्यापेक्षा रिकामं खातं लवकर शिकवतं.

एकट्याचं स्वयंपाकघर

भाडं ठरून गेलेलं असतं, विजेत शे-दोनशे वाचतात. पण जेवणाचा आकडा पाच हजारही होऊ शकतो आणि चौदा हजारही, आणि तो ठरतो संध्याकाळी सात ते नऊमध्ये.

एकट्यासाठी सगळं घरी करणं स्वस्त असतं हा गैरसमज आहे. पाव किलो भेंडी, कोथिंबिरीची जुडी, अर्धा नारळ, यातलं निम्मं टाकून दिलं तर घरची भाजी पोळी-भाजी केंद्रातल्या भाजीपेक्षा महाग पडते. उलट डबा लावला तर तो महिनाभराचा असतो, आणि एकट्या माणसाच्या महिन्यात आठ-दहा जेवणं तरी बाहेर किंवा नातेवाइकांकडे होतात. मला पटलेली वाटणी अशी: पोळ्या विकत, आमटी-भात-भाजी घरी, ऑफिसातलं दुपारचं जेवण डब्याचं किंवा कॅन्टीनचं. मुंबईत मराठी वस्तीत पोळी-भाजी केंद्र नाही असा भाग कमीच. जागा बघायला जाल तेव्हा ते कुठे आहे हेही बघून ठेवा.

पोळ्या घरीच करणार असाल तर प्रमाण: चार पोळ्यांना साधारण सव्वाशे ग्रॅम कणीक. दोन्ही वेळा केल्या तर महिन्याला साडेसात किलो, एका वेळेला चार किलो. दहा किलोची पिशवी स्वस्त पडते म्हणून आणली की पावसाळ्यात त्यात पोरकिडे होतात. तूरडाळ एक किलो, मूगडाळ अर्धा, तांदूळ तीन किलो, तेल एक लिटर, पोहे आणि रवा अर्धा-अर्धा किलो, शेंगदाणे पाव. बाकी त्या-त्या आठवड्याला. भाजी आठवड्यातून दोनदा, आणि पालेभाजी आणली त्या दिवशी तीच करायची, दुसऱ्या दिवसावर टाकायची नाही.

फ्रिज येईपर्यंत टिकाऊ जिन्नसांवर भर द्या: कांदे, बटाटे, अंडी, कडधान्यं, कुळथाचं पीठ, मेतकूट, चटण्या. सकाळी मटकी भिजवून रुमालात बांधली की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उसळ. दमून आलेल्या दिवशी कुळथाचं पिठलं आणि भात वीस मिनिटांत होतो. डिलिव्हरीवाला तोवर सिग्नललाच उभा असतो. मासे खाणाऱ्यांनी पावसाच्या आधी सुके बोंबील आणि सुकट घेऊन घट्ट डब्यात भरावी. एकट्यासाठी याहून सोयीचा बाजार नाही, फक्त भाजताना खिडकी उघडी ठेवा आणि मालक शाकाहारी आहे का ते करार करतानाच विचारून घ्या. गोडा मसाला आणि लोणचं घरून येईल ते नाकारू नका. बजेटात त्याची नोंद होत नाही, तरी ते पैसेच आहेत.

मागवलेल्या जेवणावर डिलिव्हरी, पॅकिंग, प्लॅटफॉर्मचं शुल्क चढतं, म्हणून त्याला आठवड्याला एक अशी संख्येची मर्यादा घाला. रुपयांची मर्यादा घातली की माणूस ऑफर शोधायला लागतो.

वीज, गॅस

वीज तुमच्या भागाप्रमाणे येते: शहरात बेस्ट, उपनगरांत अदानी किंवा टाटा पॉवर, भांडुप-मुलुंडकडे महावितरण. दर टप्प्यांचे आहेत. पहिली १०० युनिट स्वस्त, ३०० पर्यंत बरीच महाग, पुढे आणखी. एकटा माणूस पंखा, दिवे, फ्रिज, फोनवर शंभरीच्या आसपास राहू शकतो. गिझर आणि एसी आले की टप्पा ओलांडला. पोटमीटर (मालकाच्या मुख्य मीटरवरून काढलेला वेगळा मीटर) असेल तर मालक सरसकट काय दर लावतो ते विचारा. टप्प्यांचा फायदा तिथे अनेकदा मालकापाशीच थांबतो. किल्ली हातात आल्या दिवशी मीटरचा फोटो, तारीख दिसेल असा, मालकाला पाठवून द्या, आणि मागची तीन बिलं मागून घ्या. थकबाकी असेल तर त्यात कळते.

महानगर गॅसची पाइपलाइन असेल तर बिल दोन महिन्यांनी येतं, म्हणून अर्धी रक्कम दर महिन्याला बाजूला. नसेल तर पाच किलोचा छोटा सिलिंडर एकट्याला महिना-सव्वा महिना पुरतो, आणि तिसऱ्या मजल्यावर उचलून नेता येतो.

अधिक मासाचा डबा

महिन्याच्या कागदात न बसणारे खर्च दर वर्षी येतात, आणि दर वर्षी माणूस 'अचानक आले' म्हणतो. गणपतीला गावी जायचं तिकीट आणि वर्गणी. दिवाळीत आईला साडी, धाकट्यांना ओवाळणी. मार्च ते मे लग्नांचे आहेर. जूनमध्ये छत्री, चपला, न वाळणारे कपडे लाँड्रीत आणि लोकल बंद पडलेल्या दिवशीची कॅब. मोबाइल दोन-तीन वर्षांनी. चष्मा, दात. अकरा महिन्यांनी नवा करार आणि वाढलेलं भाडं. घर सोडावं लागलं तर पुन्हा टेम्पो, पुन्हा दलाली. बारा महिन्यांची यादी करून बाराने भागा. आपल्या उदाहरणात ते २,५०० धरले आहेत आणि ते मोकळे नाहीत. आवर्ती ठेवीत टाकलेत तर चांगलं, मुदत ऑगस्टच्या सुरुवातीला संपेल अशी ठेवा.

आरोग्य विम्याचा हप्ता याच डब्यातून. ऑफिसचा विमा नोकरीबरोबर जातो, म्हणून स्वतःचा छोटा तरी असावा. तरुणपणी तो स्वस्तही मिळतो. बचतीतले ४,००० पहिले काही महिने फक्त आणीबाणीच्या खात्यात. तीन महिन्यांचा खर्च साठेपर्यंत शेअर-बाजाराच्या गप्पा ऐकायच्या, पैसे लावायचे नाहीत. डिपॉझिटचे ५०,००० या साठ्यात मोजू नका. ते तुमचे आहेत, पण नोकरी गेल्याच्या आठवड्यात हातात येणारे नाहीत. नोकरी बदलताना पीएफ काढून खायचा मोह होतो. तो खातं बदलून पुढे न्या.

घरी किती द्यायचे

याचं कोष्टक नसतं. घर सोडलं म्हणजे घरातली जबाबदारी सुटली असं आपल्याकडे कोणी मानत नाही, आणि 'मला काही नको' म्हणणारे वडील गॅसबिल वाढलं की गप्प होतात. रक्कम कमी असली तरी ठरलेली आणि ठरल्या तारखेची द्या. आठ हजारांचं कबूल करून तीन महिन्यांनी बंद करण्यापेक्षा चार हजार वर्षभर गेलेले घरच्यांना जास्त उपयोगी पडतात, त्यांनाही आपला हिशेब लावता येतो. कमावत्या मुलानं अचानक जाऊन घरचं बजेटच कोसळणार असेल, तर निघायच्या आधी भावंडांना बसवून बोला. हे बोलणं लांबणीवर टाकलं की ते हमखास गणपतीत, पाहुण्यांसमोर होतं.

जागा सोडताना

सूचना लेखी द्या, व्हॉट्सॲपवर असली तरी चालेल, पण कराराइतके दिवस आधी. शेवटच्या महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करा असं भाडेकरू म्हणतात, मालक नको म्हणतात. करारात तसं लिहून घेतलेलं असेल तरच आग्रह धरा. वीज आणि गॅसची शेवटची बिलं भरून पावत्या पाठवा, भिंतींचे, नळांचे, पंख्यांचे फोटो काढा. रंगाचे पैसे कापायची पद्धत सर्रास आहे. किती कापणार ते आत शिरतानाच लिहून घेतलेलं असेल तर वाद होत नाही. किल्ली आणि डिपॉझिटची देवाणघेवाण एकाच वेळी, त्याच खोलीत करा, आणि बँकेचा मेसेज आल्यावरच टेम्पोवाल्याला निघायला सांगा.